निळ्या मातीच्या खाली

हाइमब्रुन, चाको
९ ऑगस्ट १९५३

कोर्नेलियस,

अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. तू गाव सोडलंस तेव्हा मला जेमतेम सही करता येत होती. पुढे पंचांग, बियाण्यांच्या याद्या, खोक्यांना आतून चिकटवलेली वर्तमानपत्रं, डॉक्टरांनी टाकून दिलेलं बाळंतपणाचं पुस्तक, असं मिळेल ते वाचत शिकले. मी युस्टिना. तुझी वहिनी.

तुझा दादा गेला. मे महिन्याच्या अकरा तारखेला, सकाळी, गुरांना पाणी पाजून आल्यावर. बूट काढायला पायरीवर बसला तो तसाच राहिला. एक बूट पायात होता, एक हातात. मी आतून दोनदा हाक मारली, "डीट्रिख, बोर्श्च निवतंय." मग बाहेर आले.

तीन महिने उशिरा कळवते आहे. पत्ता नव्हता असं लिहिणार होते, पण पत्ता जूनमध्येच मिळाला. रेल्वेच्या टोकावरून आमच्याकडे मीठ-रॉकेल आणतो तो लॉरीवाला एउसेबियो म्हणाला, "कोन्सेप्सिओनला नदीकाठी एक गोरा टकला माणूस गाड्यांची चाकं करतो. स्पॅनिश चांगलं बोलतो, पण बोटावर हातोडी बसली की तुमच्या भाषेत ओरडतो." मी म्हटलं, तोच. तरी लिहिलं नाही. वाळीत टाकलेल्या माणसाला पत्र लिहू नये असा नियम नाही, पण लिहिणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र भांडाराच्या पेटीत टाकत नाही, एउसेबियोच्या हाती देते. तुला लिहायचं झालं तर त्याच्याच हाती दे.

आता कामाचं. ऑक्टोबरच्या चार तारखेला गावाला पंचवीस वर्षं होतात. प्रार्थनाघरात मोठी सभा आहे, आजूबाजूची सहा गावं येणार. त्या दिवशी डीट्रिखचं जीवनवृत्त वाचायचं ठरलं आहे. गावातली पहिली विहीर त्याची, आताचीही त्याचीच, म्हणून. ते मी लिहून द्यायचं आणि ओहम आब्राम वाचणार. हो, तेच ओहम आब्राम. अजून उपदेश तेच करतात, आता काठी घेऊन.

मला तारखा हव्या आहेत. नदीच्या बंदरावरून आपल्या गाड्या कधी निघाल्या, या जागी पोचलो तो वार कोणता, पाणी लागलं तो दिवस कोणता. तुला तारखा लक्षात राहायच्या. बाकी काही नको.

आमची सारा आठवते ना? तू गेलास तेव्हा सहा वर्षांची होती. आता तिचा नवरा विल्हेल्म गावाचा प्रमुख आहे. मी त्यांच्याकडेच असते. दोन मुलं पोटातच गेली तिची, तिसरं ऑक्टोबरअखेर येईल. यावेळी सगळं नीट होईल असं सुईण म्हणते.

पाऊस फेब्रुवारीपासून नाही. उत्तरेचा वारा धूळ घेऊन येतो, दुपारी दिवा लावावा लागतो. विहिरीचं पाणी हातभर खाली गेलं आहे. सभा झाली की मंगळवारी विल्हेल्म ती दहा फूट खोल करणार आहे. भोक पाडायचं यंत्र शेजारच्या वसाहतीतून येतं आहे. 

एवढंच. तारखा कळव.

युस्टिना


२३ ऑगस्ट १९५३

कोर्नेलियस,

उत्तर नाही. एउसेबियो म्हणाला, पत्र हातात दिलं, तू एप्रनच्या खिशात ठेवलंस आणि त्याला पाणी विचारलंस. एवढंच. बरं.

मी लिहायला सुरुवात केली आहे. रविवारी दुपारी सगळे झोपतात, तेव्हा लिहिते. तुला वाचून दाखवावं असं वाटतं, कारण निम्म्या गोष्टींचा साक्षीदार आता तूच आहेस.

लिहिलं आहे की डीट्रिख केलर दूर उत्तरेला, मानिटोबात जन्मला, सात भावंडांत थोरला. सरकारने शाळांतून आपली भाषा आणि आपला धर्म काढायला घेतला तेव्हा जमीन, कोठार, नवा नांगर सगळं विकून तो निघाला. लोक म्हणाले, "अरे, तिकडे काटे आणि साप." तो म्हणाला, "काटे आणि साप माझ्या मुलाला देवाचा विसर पडायला शिकवणार नाहीत." हे तू ऐकलं आहेस. इकडे नदीच्या बंदरावरच्या तंबूंत चौदा महिने काढले, तापाने माणसं जात होती, आणि मेलेल्यांना पुरायच्या पेट्या तोच करायचा. फळ्या संपल्यावर आपल्या प्रवासाच्या पेट्या फोडल्या त्याने. आमचा पहिला मुलगा माझ्या रुखवताच्या पेटीतून गेला. ती फळी त्याने रंधून घेतली, फुलं रंगवलेली बाजू आत ठेवली. मी विचारलं, आत का? म्हणाला, "बाहेरून कुणाला दिसणार आहे? त्याला दिसू दे."

असा माणूस होता. हे मी लिहिणार.

मग ती जागा. तू पाणी शोधायचं दुबेळकं घेऊन कडू गवताच्या माळावर चाललास, लोक मागे, आणि जिथे काठी खाली वाकली तिथे खुंटी मारली. कुणी हरकत घेतली नव्हती त्या दिवशी. ओहम आब्राम स्वतः टोपी काढून उभे होते. तहान लागलेली होती ना सगळ्यांना.

आणि तो इथल्या रानातला एन्लेत माणूस, ज्याला आपण योनास म्हणायचो. खरं नाव कुणी विचारलं नाही. काठावर उकिडवा बसायचा, पिवळी वाळू संपून निळी माती दिसली तेव्हा उठून उभा राहिला. म्हणाला, "बस. गोड पाणी वर निजतं. खारं खाली निजतं. मधे ही निळी चटई. फाडू नका." फुंक घातल्यासारखं बोलायचा. आपण थांबलो. पाणी गोड होतं.

सहा वर्षं सगळं गाव त्या विहिरीवर प्यालं.

चौतीस साली काय झालं ते तुला माहीत आहे. ते लिहायची गरज नाही. त्यानंतरचं तुला माहीत नाही ते सांगते. पाणी खारं झाल्यावर डीट्रिखने तीन वर्षांत चौदा खड्डे खणले. एकटा. लोक मदतीला यायचे, तो परत पाठवायचा. प्रत्येक खड्ड्याआधी उपास. तेरा खारट निघाले किंवा कोरडे. चौदावा गोड. त्या दिवशी गावाने घंटा वाजवली, आणि हा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन दिवस उठला नाही. लोकांनी त्याला विहिरींचा बाप म्हणायला सुरुवात केली, तसं कुणी म्हटलं की तो खळ्याकडे निघून जायचा. केवढा नम्र माणूस, लोक म्हणायचे.

परवा विल्हेल्मला म्हटलं, विहीर खोल करू नका. त्याने काट्याला उकडलेल्या कसाव्याचा तुकडा टोचला होता, तो तसाच हातात धरून हसला.

"का बरं, आई?"

"अशा कामाला घाई बरी नाही."

"पाणी हातभर खाली गेलंय, गावात बासष्ट घरं, आणि घाई नको? बाबा असते तर कुदळ घेऊन पहिले उतरले असते."

सारा म्हणाली, "आई, तू बोर्श्चचं बघ. विहिरीचं ते बघतील."

मी बोर्श्चचं बघितलं.

मला झोप लागत नाही असं नाही. लागते, पण जाग येते तेव्हा तोंड खारट असतं.

युस्टिना


६ सप्टेंबर १९५३

कोर्नेलियस,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन ओळी. पाठ झाल्या आहेत:

"वहिनी, तारखा आठवत नाहीत. आपण खणली तेव्हा विहीर एकवीस फूट होती. मी गाव सोडलं त्या दिवशी दोर सोडून मोजली, पंचवीस भरली. दादासाठी प्रार्थना केली."

वाचून मी कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसले. तुला माहीत होतं. एकोणीस वर्षं माहीत होतं, आणि तू दोर गुंडाळून, गाडीला बैल जुंपून, एक शब्द न बोलता गेलास. मी एवढी वर्षं मनाची समजूत घालत आले की कोर्नेलियसला काही कळलं नसेल, तो आपल्याला दुबेळक्याचं पाप लागलं असंच समजत असेल, कुठेतरी सुखात असेल. आता ती समजूतही गेली.

म्हणून जे पहिल्या दोन पत्रांत टाळलं ते लिहिते. तू मोजलं आहेस, मी सांगते.

चौतीसचा सप्टेंबर. तू मालाची गाडी घेऊन रेल्वेच्या टोकाला गेला होतास, दीड महिना. असाच दुष्काळ. पाणी हातभर खाली. डीट्रिख रोज सकाळी बायबलातला इसहाकाच्या विहिरींचा अध्याय वाचायचा. एका सकाळी पुस्तक मिटून म्हणाला, "युस्टिना, एका रानटी माणसाच्या सांगण्यावरून आपण थांबलो. देवाला विचारलंच नाही. ही अश्रद्धा झाली."

मी म्हटलं, "पाणी तर गोड आहे."

"पुरतं का? मागा म्हणजे मिळेल असं लिहिलंय. आपण एकवीस फुटांवर मागणं थांबवलं."

लोभ नव्हता रे तो. हे तुला कळायला हवं. लोभी माणूस असता तर मी त्याला अडवलं असतं. तो प्रार्थना करून आला होता, त्याच्या तोंडावर उजेड होता, आणि मी त्या उजेडाला घाबरले.

लोकांना सांगितलं, गाळ काढतो. तीन दिवस तो खाली आणि मी वर, रहाटावर. बादलीतून निळी माती यायला लागली. मी ओरडले, "डीट्रिख, निळी!" खालून आवाज आला, "ओढ." मी ओढली. ती माती कुणाला दिसू नये म्हणून मी चुलीला आणि ओट्याला लिंपली. शेजारीण म्हणाली, "काय गं, रंग छान आलाय." तिसऱ्या दिवशी पाणी उसळलं, त्याच्या कमरेपर्यंत. आम्ही दोघं काठावर गुडघे टेकून देवाचे आभार मानत होतो.

पाचव्या दिवशी कॉफी खारट लागली.

पुढचं तू आल्यावर पाहिलंस. गुरं तळ्याच्या पाण्यावर, मग माणसंही तळ्याच्या पाण्यावर. हगवणीने तीन मुलं गेली. त्यांतली एक आमची ग्रेटा. तीन वर्षांची.

कोर्नेलियस, ती गेली नसती तर तो बोलला असता. मी पुस्तकावर हात ठेवून सांगते. पण ती गेल्यावर बोलायचं म्हणजे काय बोलायचं होतं? आणि त्या दुसऱ्या घरातली, दोन्ही मुलं गेलेली आई? त्याच आठवड्यात ओहम आब्राम म्हणाले, पाणी जादूटोण्याच्या काठीने शोधलं होतं, म्हणून फिरलं. बंधूंची सभा भरली. तू नुकता परतला होतास, अंगावर धूळ होती. डीट्रिख सभेत बसला होता. घरी आला तेव्हा मी विचारलं, "बोललास?" त्याने टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "मत घेतलं. सगळ्यांचे हात वर होते." "तुझा?" तो बूट काढायला खाली वाकला.

तू चार दिवस आमच्या ओसरीवर जेवलास, उपड्या खोक्यावर. वाळीत टाकलेल्याच्या हातून घ्यायचं नाही, त्याच्या हातात द्यायचं नाही, एका टेबलावर बसायचं नाही. मी ताट जमिनीवर ठेवून मागे सरायची आणि मग तू उचलायचास. चौथ्या दिवशी म्हणालास, "वहिनी, कुत्र्यालासुद्धा तुम्ही हातावरून देता." मी आत गेले. हातात तीच निळी माती सारवायचा बोळा होता.

तुझ्या दादाबद्दल एक सांगते, मग थांबते. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या टेबलावर जेवला नाही. खिडकीपाशी स्टुलावर ताट घेऊन बसायचा. पाठ दुखते म्हणायचा. पाव हवा असेल तर मी स्टुलाच्या कडेला ठेवावा लागे, हातातून घ्यायचा नाही. एकोणीस वर्षं. सारा लहानपणी इतर मुलांना सांगायची, आमच्या बाबांची पाठ सगळ्या चाकोत वाईट.

युस्टिना


२० सप्टेंबर १९५३

कोर्नेलियस,

दोन जीवनवृत्तं लिहून तयार आहेत. एक चार पानांचं. दुसऱ्याला पाचवं पान आहे.

पाचव्या पानावर विहीर आहे. किती फूट, कोणी खणलं, रहाट कोणी ओढला, कोणाला शिक्षा झाली. आणि शेवटी हे, की आताच्या विहिरीखालीसुद्धा तीच निळी माती आहे, डीट्रिखने ती सळईने चाचपून बघितली होती आणि तिला हात लावला नाही. ही गोष्ट जगात फक्त मला माहीत आहे. योनास गेला, डीट्रिख गेला.

मी न सांगता यंत्र थांबवायचे सगळे उपाय करून पाहिले. विल्हेल्मला म्हटलं, मला स्वप्न पडलं. तो म्हणाला, "आई, स्वप्नांना आपण मानत नाही ना?" म्हटलं, योनास असं म्हणाला होता. म्हणाला, "तो लुंगीवाला? अहो, त्या लोकांना विहीर म्हणजे काय ते आपण दाखवलं." म्हटलं, तुझे सासरे म्हणाले होते. तेव्हा मात्र तो थांबला. "बाबा म्हणाले होते? कधी? पण पहिली विहीर तर कुणी खोल केली नव्हती, ती आपोआप खारी झाली." माझ्याकडे बघत राहिला. माझ्या हातातून झारा पडला. सारा म्हणाली, "तिला बसू दे, बाबांच्या आठवणीने होतं तिला असं."

मला कशाची भीती वाटते ते लिहून काढते, लिहिलं की भीतीचा आकार कळतो म्हणतात. मला नरकाची भीती वाटत नाही. लोकांच्या बोलण्याची वाटते, पण ती सोसता येईल. सारा पुढच्या महिन्यात बाळंत होईल. मला वाळीत टाकलं तर त्या बाळाला माझ्या हातात कोणी देणार नाही, माझ्या हातून कोणी घेणार नाही. सुईण त्याला धुवेल आणि मी दारात उभी राहीन. दोन गेली साराची, कोर्नेलियस. ती दोन्ही मी या हातांनी गुंडाळली. हे तिसरं जिवंत असेल आणि मला हात मागे घ्यावे लागतील.

आणि गप्प राहिले तर ते बाळ नाताळात तळ्याचं पाणी पिईल. ग्रेटासारखं.

काल ओहम आब्राम आले होते. दुमजली पाव आणि कॉफी दिली. काठी दाराला टेकवून बसले.

"बहीण युस्टिना, झालं का लिहून?"

"होतंय, ओहम."

"फार लांबवू नकोस. लोक लांबून येणार आहेत, बायकांना गुरांची वेळ गाठायची असते. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, प्रवास, विहिरी, मरण. एवढं पुरे."

"चूक लिहायची का? माणूस आहे म्हटल्यावर..."

त्यांनी पाव कॉफीत बुडवला होता, तो तुटून आत पडला. चमच्याने काढत म्हणाले, "मेलेल्याचं आपण झाकतो. जिवंताचं उघडं करतो. तो क्रम बिघडवायचा नाही." मग वर बघून, "काही सांगायचं आहे का तुला?"

मी म्हटलं, "आणखी कॉफी घ्या."

त्यांना ठाऊक आहे असं मला वाटतं. किंवा ठाऊक व्हायला नको आहे. दोन्हींत फरक किती ते मी एकोणीस वर्षं घरात पाहिलं आहे.

तू मला सांग काय करू, असं विचारणार होते. विचारत नाही. तुला विचारायचा हक्क मी त्या ओसरीवर घालवला.

युस्टिना


११ ऑक्टोबर १९५३

कोर्नेलियस,

झालं.

मी ओहमना पाच पानी कागद दिला, सभेच्या दिवशी सकाळी, दारातच, म्हणजे त्यांना आधी वाचायला वेळ मिळू नये. ही माझी लबाडी. एवढ्या वर्षांची सवय, जाणार कुठे.

प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. पुरुष उजवीकडे, आम्ही डावीकडे. सारा माझ्या शेजारी, पोटावर हात ठेवून. ओहम आब्रामनी वाचायला घेतलं. पेटीच्या फळीचं आलं तेव्हा बायका रडल्या. चौदा खड्ड्यांचं आलं तेव्हा पुरुषांनी खाकरून घसे मोकळे केले. चौथं पान संपलं. त्यांनी पाचव्यावर नजर टाकली. मी त्यांचा चेहरा बघत होते. काही बदललं नाही, फक्त काठी धरलेल्या हाताची बोटं पांढरी झाली. त्यांनी पानं एकत्र केली, घडी घातली आणि म्हणाले, "बाकी घरगुती बाबी आहेत. आपण गाऊ या."

मी उभी राहिले. का आणि कशी ते मला सांगता येणार नाही.

"ओहम, पान उलटा."

बाया प्रार्थनाघरात बोलत नाहीत. बाहेर बांधलेल्या घोड्यांची माश्या उडवणारी शेपटी ऐकू आली.

"बहीण युस्टिना, बस खाली."

"पान उलटा. नाहीतर मी पाठ म्हणते."

साराने माझा झगा धरून ओढला. "आई, आई, काय करतेस," असं नुसतं ओठांनी. ओहम आब्राम हलले नाहीत. मग मी पाठ म्हटलं. चार फूट. तीन दिवस. रहाट मी ओढला. निळी माती मी लिंपली. फुंकांच्या घरची जुळी आणि आमची ग्रेटा. कोर्नेलियसचा दोष नव्हता, हे आम्हा दोघांना त्याच दिवशी माहीत होतं. आणि मंगळवारी यंत्र खाली सोडाल तर पुन्हा तेच होईल, खाली तीच चटई आहे.

फुंकांची म्हातारी, जुळ्यांची आई, माझ्यापुढे दोन बाकांवर बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मला ती वळेल याचीच भीती होती, आणि ती वळली नाही हे त्याहून वाईट निघालं.

सोमवारी विल्हेल्म स्वतः विहिरीत उतरला, सळई घेऊन. मला कुणी बोलावलं नाही, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. बराच वेळ दोर हलला नाही. मग तो वर आला, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, सळईच्या टोकाला निळं. काठावर बसला आणि यंत्रवाल्यांना म्हणाला, "परत न्या." त्यांनी विचारलं, भाड्याचं काय. म्हणाला, "परत न्या म्हटलं ना!" मग माझ्या खिडकीकडे बघितलं. आता विहिरीशेजारी दुसरी, उथळ खणणार आहेत, दोन उथळ विहिरी म्हणे एका खोल विहिरीपेक्षा बऱ्या.

मंगळवारी बंधूंची सभा झाली. एकोणीस वर्षांचं खोटं, आणि प्रार्थनाघरात बोलले ते वेगळं. मला वाळीत टाकलं आहे. पश्चात्ताप दिसला की सहा महिन्यांनी बघू. तुझं नाव कुणीतरी काढलं. विल्हेल्मनेच, असं सारा म्हणाली. ओहम आब्राम म्हणाले, तो विषय वेगळा, विहीर कोणी बिघडवली यावरून काठीचं पाप पाप राहत नाही असं नाही. म्हणजे तू तिथेच आहेस, जिथे होतास. तुला मोकळा करून आणीन असं मनात होतं. जमलं नाही.

आता मी ओसरीवर जेवते. सारा ताट जमिनीवर ठेवते. पहिल्या दिवशी ठेवताना ती वाकली, पोटामुळे तिला नीट वाकता येत नाही, एका हाताने भिंत धरली, आणि मला तिला सावरता येईना, कारण सावरलं तर तिला हात लागला असता. शेवटी मीच म्हटलं, "खिडकीत ठेवत जा गं, मी घेईन." ती रागावली आहे. बाबांवर जास्त की माझ्यावर, ते तिलाही अजून कळलेलं नाही. बाळाचं काही बोलत नाही ती. मीही विचारत नाही. पंधरा दिवस राहिले.

भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं पुष्कळ झालं. रोज सकाळी ती आधी उठते, मग मी. पण कॉफी गोड आहे, कोर्नेलियस. बासष्ट घरांत गोड आहे.

आणि एक. हे सहा दिवस मला काम नव्हतं, तेव्हा नियमांचं पुस्तक वाचून काढलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, दोनदा. वाळीत टाकलेल्याने बंधूंबरोबर जेवू नये, त्यांच्या हातून घेऊ नये, त्यांच्या हातात देऊ नये, हे सगळं आहे. पण वाळीत टाकलेल्या दोघांनी एकमेकांबरोबर जेवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. कुणाला सुचलं नसावं.

एउसेबियोची लॉरी गुरुवारी कोन्सेप्सिओनच्या बाजूने परत येते. पुढची जागा रिकामी असते. ओसरीवर खोकी दोन आहेत. तू आलास तर ताट मी तुझ्या हातात देईन.

युस्टिना